हळद की दाब? रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमागचं संशोधन

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं की आपल्याकडे घरातून पहिली हाक येते, "हळद दाबून धर!" आपण हळदीची चिमूट जखमेवर ठेवतो, दुसऱ्या हाताने बोट घट्ट धरतो, आणि पाच मिनिटांनी रक्त थांबलेलं असतं. श्रेय हळदीला मिळतं.

आता संशोधकाच्या नजरेने ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात उपचार दोन आहेत. एक हळद आणि दुसरा 'दाबून धर'. रक्त नेमकं कशाने थांबलं? हे कळायला तसंच कापलेलं दुसरं बोट हवं, जे हळद न लावता तेवढाच वेळ, तेवढ्याच जोराने दाबलं आहे. यालाच आपण कंट्रोल म्हणतो.

मोठ्या जखमांमधला रक्तस्राव थांबवणाऱ्या आधुनिक पट्ट्यांवर गेली वीस-पंचवीस वर्षं जे संशोधन झालं, त्याची गोष्ट या हळदीच्या प्रश्नाभोवतीच फिरते. या विषयात पीएचडीचा विचार करणारे बरेच जण 'नवीन मटेरियल बनवू, रक्त गोठण्याचा वेळ मोजू, पेपर लिहू' अशा आराखड्याने सुरुवात करतात. मीही तशीच केली होती. म्हणून आज मटेरियल कसं काम करतं हे तर बघूच, पण ते काम करतं हे आपल्याला कशावरून कळतं, यावर जास्त बोलू.

आधी थोडं गणित

माणसाच्या शरीरात किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसात ४.२ लिटर. यातलं ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त गेलं, तर जीव थेट धोक्यात येतो. मांडीतली मुख्य धमनी तुटली तर ही वेळ काही मिनिटांत येऊ शकते. रुग्णवाहिका पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे हा प्रश्न हॉस्पिटलमध्ये पोचण्याच्या आधीचा आहे.

हात-पाय असेल तर जखमेच्या वर टुर्निके आवळून रक्त अडवता येतं. पण जांघ, काख आणि मान इथे टुर्निके बांधायला जागाच नसते. तिथे जखमेत काहीतरी भरून दाबणं हाच मार्ग उरतो, आणि आपल्या पट्ट्यांची खरी गरज तिथेच आहे.

आता दाबाचं गणित बघा. हे गणित मला कुणीतरी पहिल्या वर्षीच करायला लावायला हवं होतं असं आज वाटतं. धमनीतला वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा धरू. म्हणजे साधारण १६ किलोपास्कल. धमनीला ६ मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. दाब गुणिले क्षेत्रफळ केलं तर बल येतं ०.४५ न्यूटन, म्हणजे जेमतेम ४६ ग्रॅम वजन. नेमक्या भोकावर बोट ठेवता आलं तर एका बोटाचं काम आहे!

पण समजा तुम्ही जखमेच्या वरच्या तोंडावर १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद पट्टी ठेवली, आणि रक्त तिच्या खाली साचून सगळीकडे पसरलं. आता तोच दाब १०० चौरस सेंटिमीटरवर लागतोय. बल होतं १६० न्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास १६ किलो. पट्टी उचलली जाणारच. रक्तवाहिनी तीच, दाब तोच, फरक फक्त पट्टी कुठे बसली याचा. म्हणूनच प्रशिक्षणात शिकवतात की गॉज वरून ठेवायचं नाही, जखमेत खोलवर, रक्त येतंय त्या जागेपर्यंत ठासून भरायचं आणि मग वरून दाबायचं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक मटेरियलच्या गोष्टीत रसायनशास्त्राइतकंच महत्त्व त्याच्या आकाराला आणि लवचिकतेला येणार आहे.

शरीर स्वतः काय करतं

थोडक्यात उजळणी. रक्तवाहिनी फाटली की ती आकसते. प्लेटलेट्स उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटून एक कच्चं बूच तयार करतात. त्याच वेळी रक्तातले क्लॉटिंग फॅक्टर एकामागून एक जागे होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. हे थ्रॉम्बिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करतं. फॅक्टर तेरा या धाग्यांना एकमेकांत घट्ट बांधतो. विटा आणि सिमेंट म्हणा हवं तर. या साखळीतल्या बऱ्याच पायऱ्यांना कॅल्शियम लागतं.

ही सगळी व्यवस्था छोट्या जखमेसाठी उत्तम आहे. मोठ्या धमनीत मात्र गुठळी धरायच्या आतच प्रवाह तिला धुऊन नेतो. शिवाय भरपूर रक्त गेलेल्या माणसाचं अंग गार पडतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि गोठण्याची क्षमता ढासळते. ही तिन्ही संकटं एकमेकांना वाढवत नेतात. म्हणजे ज्याला गुठळीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच रक्तात ती बनवण्याची ताकद सर्वांत कमी उरलेली असते.

मग मटेरियल तीन प्रकारे मदत करू शकतं. रक्तातलं पाणी शोषून फॅक्टर आणि पेशी दाट करणं, गोठण्याची साखळी लवकर सुरू करणं, किंवा साखळीला वळसा घालून थेट भोक बुजवणं. तिन्हींची उदाहरणं बघू.

झिओलाइट: रक्त थांबलं, पण जखम भाजली

अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधले अभियंता फ्रँक हर्सी हे हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्यासाठी झिओलाइट वापरत. झिओलाइट हे बारीक छिद्रांचं खनिज आहे, आणि त्या छिद्रांत ते पाणी ओढून घेतं. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ते रक्तातलंही पाणी ओढून घेईल आणि मागे राहिलेलं दाट रक्त लवकर गोठेल. २००२ साली 'क्विकक्लॉट' या नावाने हे दाणे बाजारात आले आणि अमेरिकी सैन्याबरोबर अफगाणिस्तान आणि इराकमध्ये पोचले.

रक्त थांबायचं. पण कोरडं झिओलाइट पाणी शोषताना उष्णता बाहेर टाकतं. जखमेत आजूबाजूचे स्नायू आणि त्वचा भाजल्याची उदाहरणं समोर आली. वाहत्या रक्तात सुटे दाणे टाकणं अवघड आणि नंतर ते जखमेतून वेचून काढणं त्याहून अवघड. पुढच्या आवृत्तीत कमी तापणारे मणी जाळीच्या पिशवीत भरून दिले. भाजणं कमी झालं, पण पिशवी खोल, वेड्यावाकड्या जखमेत नीट बसेना.

उष्णता ही काही गूढ गोष्ट नव्हती. झिओलाइटच्या शोषणातून उष्णता निघते हे रसायनशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. प्रश्न फक्त 'रक्त किती वेळात थांबलं?' एवढाच असेल, तर तापमान मोजायचं कुणाच्या डोक्यात पटकन येत नाही.

कायटोसान: कोळंबीच्या कवचातून

त्याच सुमारास, २००२ सालीच, अमेरिकेत 'हेमकॉन' या कायटोसानच्या पट्टीला परवानगी मिळाली. कोळंबी-खेकड्याच्या कवचात कायटिन असतं. त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून ॲसिटिल गट काढले की कायटोसान मिळतं. त्यातले अमिनो गट किंचित आम्ल वातावरणात धनभारित होतात. लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. दोघांचं जमतं, पेशी पट्टीला आणि एकमेकांना चिकटतात, आणि एक चिकट थर भोकावर बसतो.

इथे महत्त्वाचा मुद्दा असा की या कामाला क्लॉटिंग फॅक्टर लागतच नाहीत. हेपॅरिन दिलेल्या रक्तातही कायटोसान लाल पेशींचा गोळा करतं. वर सांगितलेल्या, गोठण्याची ताकद संपलेल्या रुग्णासाठी हे मोलाचं आहे.

"कोळंबीची ॲलर्जी असेल तर?" हा प्रश्न प्रत्येक सेमिनारमध्ये येतोच. ही ॲलर्जी प्रामुख्याने कोळंबीच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आणि कायटोसान शुद्ध करताना प्रथिनं काढून टाकलेली असतात. तरीही तुमच्या नमुन्यात प्रथिन किती शिल्लक आहे हे मोजलेलं असावं, एवढं परीक्षक विचारणारच.

मग हेमकॉनमध्ये कमी काय होतं? ती पट्टी कडक होती. सपाट जागेवर छान बसायची. खोल, अरुंद जखमेत वाकायची नाही, कडा उचलल्या जायच्या आणि खाली रक्त साचायचं. आठवतंय ना ते १६ किलोचं गणित? शिवाय नैसर्गिक पदार्थ म्हटला की प्रत्येक खेपेला रेणूभार आणि ॲसिटिल काढल्याचं प्रमाण थोडं बदलतं, आणि त्यानुसार चिकटपणाही. नंतर कायटोसान दाण्यांच्या आणि मऊ गॉजच्या रूपात आलं. आपल्या देशातही 'ॲक्झिओस्टॅट' ही कायटोसानची पट्टी बनते.

केओलिन: उत्तर पॅथॉलॉजी लॅबमध्येच होतं

केओलिन म्हणजे आपली चिनी माती, ॲल्युमिनियम सिलिकेट. तिच्या ऋणभारित पृष्ठभागावर रक्तातला फॅक्टर बारा जागा होतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू होते.

गंमत अशी की हे ज्ञान जुनं आहे. ऑपरेशनच्या आधी तुमची एपीटीटी नावाची रक्ततपासणी केली असेल. प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी १९६१ साली या तपासणीत केओलिन वापरायची पद्धत मांडली, कारण त्यामुळे गोठण्याची सुरुवात एकसारखी होते. म्हणजे केओलिन रक्त गोठवतं हे जगभरच्या लॅबमध्ये रोज सिद्ध होत होतं. ते जखमेत वापरायचा विचार मात्र कितीतरी नंतर आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत गेलन स्टकी यांच्या गटाने झिओलाइटची उष्णता कमी करण्याच्या खटपटीत वेगवेगळ्या अकार्बनी पदार्थांचा रक्तावरचा परिणाम तपासला. त्या वाटेवर केओलिन पुढे आलं. ते तापत नाही, आणि कापडात बसवता येतं.

त्यातून 'कॉम्बॅट गॉज' तयार झालं. लांब, मऊ, घडी घातलेलं गॉज, त्यात केओलिन, आणि जखमेत चुकून राहिलं तर एक्स-रेमध्ये दिसावी म्हणून एक पट्टी विणलेली. २००८ साली अमेरिकी सैन्याच्या युद्धभूमीवरील उपचार ठरवणाऱ्या समितीने त्याला पहिली पसंती दिली. वापरण्याची रीत अशी: जखमेत ठासून भरा आणि किमान ३ मिनिटं दाबून धरा.

पुन्हा 'दाबून धरा' आलंच!

जी माती फारच चांगली चालली

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माझ्या मते प्रत्येक नव्या संशोधकाने ती पाठ करावी.

कॉम्बॅट गॉजच्या बरोबरीनेच 'वूंडस्टॅट' नावाचं एक उत्पादन निवडलं गेलं होतं. हे स्मेक्टाइट जातीच्या मातीचे दाणे. बेंटोनाइट याच घराण्यातलं. रक्त लागताच ती फुगते, कणकेच्या गोळ्यासारखी होते आणि जखमेच्या प्रत्येक खाचेत बसते. डुकरांवरच्या तुलनात्मक चाचण्यांमध्ये ती सगळ्यांत वरचढ ठरली होती. गॉज पोचणार नाही अशा जखमांसाठी म्हणून तिची निवड झाली.

मग अमेरिकी लष्कराच्या शल्यचिकित्सा संशोधन संस्थेत बिजान खेराबादी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. रक्त थांबलं, ठीक. पण त्या सैनिकाची रक्तवाहिनी सर्जनला नंतर शिवावी लागणार. तेव्हा काय होतं?

त्यांनी डुकरांच्या मानेतल्या धमनी आणि शिरेला इजा केली. एका गटात वूंडस्टॅट, दुसऱ्यात कॉम्बॅट गॉज, तिसऱ्यात साधं गॉज. तिन्हींनी रक्त थांबवलं. दोन तासांनी सगळं काढलं, जखम धुतली, वाहिन्या शिवल्या आणि प्रवाह पुन्हा सुरू केला. मग स्कॅन केलं. साधं गॉज आणि केओलिनचं गॉज वापरलेल्या वाहिन्यांतून रक्त वाहत होतं. वूंडस्टॅट वापरलेल्या बहुतेक वाहिन्या मोठ्या गुठळ्यांनी बंद झाल्या होत्या. वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली होती, मातीचे कण आत राहिले होते, आणि एका प्राण्यात ते फुप्फुसापर्यंत पोचले होते.

हा पेपर २०१० साली प्रसिद्ध झाला. पण त्यातली माहिती हाती येताच, २००९ सालीच, वूंडस्टॅट वापरातून काढून घेण्यात आलं.

जरा थांबून विचार करा. 'रक्त किती वेळात थांबलं' हा एकच आकडा बघितला असता तर वूंडस्टॅट विजेतं होतं. ज्या गुणामुळे ते चांगलं चालत होतं, म्हणजे प्रत्येक फटीत शिरणं आणि जोरात गोठवणं, त्याच गुणामुळे ते घातक ठरलं. पहिल्या चाचणीत काहीच चुकलं नव्हतं. ती फक्त फार लवकर संपत होती.

साध्या गॉजचं काय?

आता हळदीच्या प्रश्नाकडे परत येऊ. या सगळ्या महागड्या पट्ट्यांसमोर साधं, काहीही न लावलेलं गॉज ठेवलं तर?

२०११ साली एका ट्रॉमा नियतकालिकात आलेल्या पेपरच्या शीर्षकातच उत्तर होतं. गोळीबार चालू असतानाच्या परिस्थितीत प्रगत पट्ट्या साध्या गॉजपेक्षा सरस नाहीत, असा त्याचा आशय. डुकरांच्या मांडीतल्या धमनीला इजा करून गॉज नीट ठासून भरलं, तर केओलिन असो, कायटोसान असो वा काहीच नसो, मोठा फरक दिसला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही साध्या गॉजच्या तुलनेत ठळक फरक सापडला नाही. उलट इतर अभ्यासांत, विशेषतः मोठं भोक आणि ठरावीक वेळ दाब अशा कडक मॉडेलमध्ये, प्रगत पट्ट्या पुढे असल्याचं दिसलं आहे.

मग खरं काय? दोन्ही खरं आहे. निकाल मॉडेलवर अवलंबून आहे. भोक किती मोठं, रक्त किती सेकंद मोकळं वाहू दिलं, किती वेळ दाबलं, गॉज कुणी भरलं, या सगळ्यावर. म्हणूनच पुढे डुकरांसाठी एक ठरावीक पद्धत रूढ झाली: मांडीच्या धमनीला ६ मिलिमीटरचं भोक, ४५ सेकंद मोकळा रक्तस्राव, मग पट्टी भरून ३ मिनिटं दाब, आणि पुढे दोन-अडीच तास निरीक्षण. पेपर वाचताना आधी पद्धतीचा भाग उघडा आणि हे चार आकडे शोधा. ते वेगळे असतील तर दोन पेपरमधले निकाल शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

यातून प्रगत पट्ट्या निरुपयोगी आहेत असा अर्थ काढू नका. थरथरत्या हाताने, अंधारात, गोठण्याची ताकद गेलेल्या माणसावर काम करताना मटेरियलने दिलेली थोडीशी मदतही जीव वाचवू शकते. फक्त किती फायदा मटेरियलचा आणि किती दाबाचा, हे वेगळं करून दाखवणं आपलं काम आहे.

टेबलावरचे तीन सापळे

आपल्यापैकी बहुतेकांना डुकरांवर प्रयोग करायला मिळणार नाहीत. मोठ्या प्राण्यांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीपलीकडे केंद्रीय समितीचीही परवानगी लागते, खर्चही खूप येतो, आणि तसं असणं योग्यच आहे. काम सुरू होतं टेस्ट ट्यूबमध्ये. तिथले सापळे बघा.

पहिला सापळा सायट्रेटचा. रक्त साठवताना ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. प्रयोगाच्या वेळी कॅल्शियम परत घालायचं राहिलं, किंवा कमी पडलं, तर केओलिन काहीच करत नाही, कारण साखळी पुढे सरकतच नाही. कायटोसानला मात्र कॅल्शियमची पर्वा नसते, ते लाल पेशी गोळा करून दाखवतं. तुम्ही लिहून मोकळे होता की 'आमचं मटेरियल केओलिनपेक्षा सरस'. प्रत्यक्षात तुम्ही केओलिनचे हात बांधून कुस्ती लावली होती.

दुसरा सापळा शोषणाचा. 'ब्लड क्लॉटिंग इंडेक्स' ही लोकप्रिय चाचणी अशी: मटेरियलवर रक्त आणि कॅल्शियम घाला, काही मिनिटांनी हलक्या हाताने पाणी ओता, गुठळीत न अडकलेल्या लाल पेशी फुटून पाणी लाल होतं, त्याची तीव्रता ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजा. पाणी जितकं फिकं तितकी गुठळी चांगली. पण तुमचा स्पंज नुसताच तहानलेला असेल तर? तो रक्त पिऊन बसतो, पाणी फिकं राहतं आणि आकडा सुंदर येतो. गोठलेलं काहीच नसतं. म्हणून तेवढीच शोषणक्षमता असलेला, पण रक्ताशी काहीही न करणारा पदार्थ कंट्रोल म्हणून हवाच.

तिसरा सापळा स्थिर रक्ताचा, आणि यात मी स्वतः पडलो. माझा कायटोसानचा स्पंज ट्यूबमध्ये झकास चालायचा. ट्यूब उलटी केली तरी गोळा जागचा हलायचा नाही. फोटो काढले, स्लाइड्स केल्या. मग एका सिनिअरने विचारलं, "जखमेत रक्त असं शांत उभं असतं का रे?" पंप, नळी आणि नळीला एक छिद्र, एवढी साधी मांडणी केली. दाब सुरू केल्यावर स्पंज काही क्षण टिकला आणि मग होडीसारखा तरंगत बाजूला गेला. गोठणं जमत होतं, चिकटणं जमत नव्हतं. मी मोजत होतो तो गुणधर्म आणि हवा होता तो गुणधर्म वेगळे होते. त्या दिवसापर्यंतची माझी सगळी आलेखांची वही बरोबर होती, फक्त प्रश्न चुकीचा होता.

एक जोडसूचना. उंदीर-घुशींच्या छोट्या वाहिन्यांमधला रक्तस्राव बऱ्याचदा आपोआप थांबतो. डुकराचं रक्तही माणसाच्या रक्तापेक्षा लवकर गोठतं. तेव्हा प्राण्यांमधलं यश माणसात तसंच उतरेल असं गृहीत धरू नका.

पुढची दिशा

नव्या कामातली तीन उदाहरणं सांगतो, कारण तिन्हींनी आधी प्रश्न नीट पकडला आहे.

खोल, अरुंद जखमेत गॉज भरायलाच वेळ जातो, हा प्रश्न घेऊन 'एक्सस्टॅट' आलं. मोठ्या सिरिंजमध्ये दाबून चपटे केलेले सेल्युलोजचे ९२ छोटे स्पंज असतात. जखमेत सोडले की सुमारे २० सेकंदांत फुगतात आणि आतूनच दाब देतात. प्रत्येक स्पंजवर एक्स-रेमध्ये दिसणारी खूण आहे, कारण नंतर सगळे मोजून काढावे लागतात. २०१४ साली अमेरिकेत सैन्यासाठी आणि पुढच्या वर्षी सर्वसामान्यांसाठी त्याला परवानगी मिळाली.

औषध वरून टाकलं तर रक्ताचा प्रवाह ते बाहेर ढकलतो, हा दुसरा प्रश्न. कॅनडात क्रिस्टियन कास्ट्रप यांच्या गटाने २०१५ साली कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्लरूपातलं ट्रानेक्झॅमिक ॲसिड एकत्र आणलं. रक्तात पडताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि कण प्रवाहाच्या विरुद्ध आत शिरतात, सोबत थ्रॉम्बिन घेऊन. इनोची पुडी पाण्यात टाकल्यावर होतं तेच, फक्त कामाच्या जागी.

तिसरा प्रश्न माझ्या तरंगत्या स्पंजचा: ओल्या, वाहत्या जागी चिकटायचं कसं? समुद्रात खडकांना चिकटणारे बार्नॅकल आधी तेलकट द्रव सोडून पृष्ठभाग साफ करतात आणि मग चिकटतात. एमआयटीत ह्युनवू युक आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली याच धर्तीवर एक लेप बनवला. सिलिकॉन तेल रक्त बाजूला सारतं आणि त्यातले चिकट सूक्ष्मकण ऊतीला धरतात. रक्त गोठण्याची वाटच बघावी लागत नाही.

आणि एक मर्यादाही माहीत असू द्या. २००१ ते २०११ या काळातल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. उपचार केंद्रात पोचण्याआधी गेलेल्यांपैकी ९७६ जण कदाचित वाचू शकले असते असं त्यात दिसलं. त्यातल्या सुमारे ९१ टक्क्यांमध्ये कारण रक्तस्राव होतं. पण त्या रक्तस्रावांपैकी सुमारे ६७ टक्के छाती-पोटाच्या आतले होते, जिथे बाहेरून पट्टी पोचतच नाही. जांघ, काख, मान यांसारख्या जागांचा वाटा १९ टक्के. म्हणजे सर्वांत मोठा प्रश्न अजून उघडा आहे. विषय शोधताय ना? तिकडे बघा.

प्रपोजल लिहिण्याआधी

स्वतःला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा.

१. माझं मटेरियल नेमकं काय करणार आहे? शोषणार, साखळी सुरू करणार, की भोक बुजवणार? ज्याने मोजायचं ती चाचणी त्याच कामाची आहे का?

२. माझा कंट्रोल काय? तेवढ्याच वजनाचं साधं गॉज आणि तेवढाच दाब त्यात आहे का?

३. गोठण्याची ताकद गेलेल्या रक्तात, हेपॅरिन घातलेल्या रक्तात, गार रक्तात मी तपासणार आहे का?

४. प्रवाह आणि दाब असताना मटेरियल जागेवर राहतं का?

५. रक्त थांबल्यानंतर काय? ते निघतं कसं, काढताना पुन्हा रक्त सुटतं का, कण कुठे जातात, वाहिनीच्या अस्तराचं काय होतं, तापमान किती वाढतं?

६. हे वापरणारा माणूस कोण आहे, आणि त्याचे हात थरथरत असताना त्याला हे जमेल का?

पाचवा प्रश्न बहुतेक प्रपोजलमध्ये नसतो. वूंडस्टॅटच्या वेळी तो उशिरा विचारला गेला, पण विचारला गेला, म्हणून पुढच्या जखमींचं नुकसान टळलं.

आणि हो, एक व्यवहारातली गोष्ट. रस्त्यावर अपघात दिसला आणि कुणाचं रक्त वाहत असेल, तर पिशवीत केओलिन किंवा कायटोसान शोधत बसू नका. हळद, कॉफी, माती तर मुळीच नको. १०८ला फोन करा, स्वच्छ ओढणी किंवा रुमाल जखमेत खोलवर ठासा, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबा, आणि मदत येईपर्यंत 'थांबलं का' म्हणून उचलून बघू नका. घरच्यांच्या त्या वाक्यातला 'दाबून धर' हा भाग अजूनही सगळ्यांत जास्त तपासलेला आहे.